हाकणारा नसताना

यंत्राच्या होडीत सुकाणूशेजारी एक तांबडी, वेटोळी दोरी असते. तिचे एक टोक होडी हाकणाऱ्याच्या मांडीला, मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवायचे असते. दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची लहानशी क्लिप असते आणि ती इंजिन बंद करणाऱ्या कळीत खोचलेली असते. क्लिप जागेवर आहे तोवर इंजिन चालते. हाकणारा तोल जाऊन पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, क्लिप निसटते, पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी बंद होते, डिझेलच्या इंजिनात इंधन तोडले जाते, आणि होडी थांबते. इंग्रजीत या कळीला ‘किल स्विच’ आणि दोरीला ‘किल कॉर्ड’ किंवा ‘लॅन्यार्ड’ अशी नावे आहेत. नावात मारण्याचा शब्द आहे, काम मात्र वाचवण्याचे. या निबंधापुरते तिला नुसते ‘दोरी’ म्हणू.

इतक्या क्षुल्लक वस्तूत नीतीचा विचार तो कोणता, अशी शंका कोणी घेईल. हा तंत्रज्ञांचा विषय आहे, फार तर विमा कंपन्यांचा. तरीही ही दोरी एक असा प्रश्न विचारते, की ज्याचे उत्तर आपल्याकडच्या नीतिविचाराला पूर्वी फारसे द्यावे लागले नव्हते. माझ्या हातून सुरू झालेली शक्ती, मी तिथे नसताना चालू राहावी काय?

वल्ह्याच्या होडीत हा प्रश्नच उद्भवत नाही. वल्हवणारा पाण्यात पडला की वल्हे थांबते, आणि चार हात पुढे जाऊन होडीही थांबते. शक्ती माणसाच्या दंडात होती. माणूस गेला, शक्ती गेली. शिडाच्या बऱ्याच होड्यांची बांधणीही अशी असते की सुकाणू मोकळे सुटले म्हणजे होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड करते, शीड फडफडू लागते आणि वेग मोडतो. बैलगाडीची गोष्ट याहून वेगळी. गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल चालत राहतात आणि पहाटे गाडी घराच्या अंगणात उभी असते, हा खेड्यापाड्यांतल्या पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. तिथे शक्ती चालू राहते खरी, पण तिला डोळे असतात. वाटेत मूल बसले असेल तर बैल बिचकतो, थबकतो, बाजूला होतो. कठोपनिषदातल्या रथाच्या रूपकात इंद्रियांना घोडे म्हटले आहे. ते घोडे उधळतील, पण आंधळे नाहीत.

इंजिन मात्र तिसऱ्याच जातीचे आहे. ते माणसाच्या पाठीमागे चालू राहते आणि त्याला दिसत काहीच नाही. वल्ह्याची होडी माणसाविना थांबते, बैल माणसाविना चालतो पण पाहतो. माणसाविना चालणारी आणि न पाहणारी अशी शक्ती यंत्राने प्रथमच आपल्या हाती दिली. दोरीचे काम एवढेच, की वल्ह्याच्या अंगी जो गुण जन्मतः होता तो इंजिनाला बाहेरून लावून देणे.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, इंद्रियांमागे धावणारे मन बुद्धीला कसे ओढून नेते हे सांगताना पाण्यातल्या नावेला वारा ओढून नेतो असा दृष्टान्त आला आहे. त्या दृष्टान्तात नाव बिचारी आहे. बळ बाहेरचे, वाऱ्याचे आहे. यंत्राच्या होडीपाशी हा दृष्टान्त उलटा होतो. इथे वारा होडीच्याच पोटात भरलेला आहे, तो आपणच भरला आहे, आणि सुरू करणारी किल्लीही आपणच फिरवली आहे. म्हणून तिच्या भरकटण्याचा दोष वाऱ्यावर ढकलता येत नाही.

ती भरकटते तरी कशी, हे समजून घेण्याजोगे आहे. सुकाणूवरचा हात सुटला की पंख्याच्या फिरण्याचा रेटा इंजिनाला एका अंगाला वळवतो, आणि होडी सरळ निघून जाण्याऐवजी घट्ट होत जाणाऱ्या वर्तुळात फिरू लागते. पडलेला माणूस त्या वर्तुळाच्या आसपासच असतो. काही सेकंदांत होडी त्याच्याकडे परत येते, आणि पुन्हा, आणि पुन्हा. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल आणि दातेचक्रांमुळे पंख्याला त्याच्या निम्मे मिळत असतील, तर पंखा सेकंदाला ४० हून अधिक वेळा फिरतो. पाती तीन धरली तर एका सेकंदात १२० हून अधिक घाव होतात. ज्याने होडी सुरू केली त्याच्याच दिशेने ती अशी परत येते. पुराणात हात ठेवील त्याला भस्म करण्याचा वर मिळालेला भस्मासुर आहे, पण त्याला निदान मोहिनीच्या नृत्याने भुलवता आले. इंजिन कशानेही भुलत नाही.

इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पॅडस्टोजवळ कॅमल नदीच्या खाडीत ५ मे २०१३ रोजी असेच घडले. सुट्टीवर आलेले सहा जणांचे कुटुंब रबरी काठाच्या वेगवान होडीतून फिरत होते. सुकाणू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेले, वेग वाढवून होडी वळवली गेली, आणि सहाही जण एकदम पाण्यात फेकले गेले. हाकणाऱ्याच्या अंगाला दोरी नव्हती. रिकामी होडी वर्तुळात फिरत राहिली. त्यात वडील आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी मरण पावली. बाकीचे जखमी झाले. सरकारी सागरी अपघात चौकशी शाखेच्या अहवालाने दोरी अडकवलेली नसल्याचेच ठळकपणे नोंदवले. दोरी होडीत होती, अंगाला नव्हती.

या घटनेतले एक बारीक स्थळ मला फार महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे सुकाणूच्या हस्तांतराचा क्षण. एकजण हाकत आहे तोवर जबाबदारी कोणाची याविषयी संदेह नसतो. दुसऱ्याने हात पुढे केला आणि पहिल्याचा हात अजून पुरता निघालेला नाही, अशा क्षणी होडी दोघांची असते आणि कोणाचीच नसते. दोरी एकाच्या मांडीवरून सोडून दुसऱ्याच्या मांडीला अडकवायला पाच सेकंद लागतात आणि तेवढा वेळ इंजिन मोकळ्या गतीवर आणावे लागते. ही पाच सेकंदे आपण वाया गेलेली समजतो. वस्तुतः जबाबदारी सोपवण्याचा विधी तेवढ्यातच उरकलेला असतो. कचेरीत कार्यभार सोपवताना कागदावर दोन सह्या होतात, त्याला आपण नोकरशाहीचा सोपस्कार म्हणून हसतो. पण कोणत्या घटकेपासून कोणी उत्तर द्यायचे हे ठरवण्याचा याहून साधा उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

आता सक्तीचा प्रश्न. अमेरिकेच्या संघराज्याने १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान यांत्रिक होड्यांवर, जिथे ही कळ बसवलेली आहे तिथे, वेगात जाताना दोरी किंवा तिचा बिनतारी पर्याय वापरणे बंधनकारक केले. सुकाणू बंद केबिनमध्ये असेल तर, किंवा होडी धक्क्याला लावताना हळू चालली असेल तर, सूट आहे. अशा सक्तीवर नेहमीचा आक्षेप येतो: माझा जीव, मी बघून घेईन. बंगळूरच्या रस्त्यांवर हा आक्षेप रोज, न बोलता, मांडला जातो. कर्नाटकात २०१६ पासून दुचाकीवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले, तेव्हापासून अर्ध्या डोक्यावर बसणारी, पट्टा न बांधलेली, पोलिसांपुरती हेल्मेटे शहरात उदंड झाली. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मांडलेल्या स्वातंत्र्याच्या तत्त्वाचा आधार घेऊन कोणी म्हणू शकेल, की डोके ज्याचे त्याचे आहे. दुसऱ्याला अपाय होत नसेल तर समाजाने मध्ये पडू नये. मला हा युक्तिवाद हेल्मेटच्या बाबतीतही पुरता पटत नाही, पण तिथे तो निदान उभा तरी राहतो.

दोरीच्या बाबतीत तो उभाच राहत नाही. हेल्मेट घालणाऱ्याचे डोके वाचवते. दोरी हाकणाऱ्याला वाचवते हे खरे, पण त्याच्याबरोबर ती होडीतल्या मुलांना, शेजारून पोहणाऱ्याला, आणि पलीकडे जाळे टाकून बसलेल्या कोळ्यालाही वाचवते. हाकणारा पाण्यात पडून बुडाला आणि होडी मात्र तिथेच थांबली, अशी कल्पना करा. त्या दुर्दैवी माणसाला दोरीचा काहीच उपयोग झाला नाही. तरीही दोरीने आपले काम पुरते केलेले असेल. म्हणून दोरी बांधणे हे आत्मरक्षणाच्या सदरात घालणे मला चुकीचे वाटते. ते एक वचन आहे, आणि ते आजूबाजूच्या लोकांना दिलेले आहे: माझे बळ माझ्या माघारी तुमच्यावर चालून येणार नाही.

तरबेज माणसाला हे वचन अपमानास्पद वाटते. पंचवीस वर्षे पाण्यात काढलेल्या तांडेलाला दोरी बांध म्हणणे म्हणजे त्याच्या हातावर अविश्वास दाखवणे, अशी भावना होते. यामागचा अभिमान खोटा नाही. कसब ही मोठी गोष्ट आहे. पण दोरी कसबाविषयी काही बोलतच नाही. पाण्याखालचा ओंडका, शेजारून गेलेल्या मोठ्या लाँचची लाट, एकाएकी आलेली भोवळ, यांपैकी कशालाही पंचवीस वर्षांची माहिती नसते. होमरच्या काव्यातल्या ओडिसिअसने सायरनांच्या गाण्यापुढे आपले मन टिकणार नाही हे ओळखून स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले. त्याला आपल्या इच्छेचा भरवसा नव्हता. दोरी बांधणाऱ्याला स्वतःच्या इच्छेवर संशय घ्यावा लागत नाही. त्याने फक्त आपल्याला देह आहे आणि देह तोल सोडू शकतो एवढेच मान्य करायचे असते. ओडिसिअसपेक्षा हे कितीतरी सोपे, आणि तरीही माणसाला जड जाते.

तरबेज माणसाच्या बाजूने आणखी एक पुरावा असतो: इतकी वर्षे दोरी बांधली नाही, काही झाले नाही. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वचिंतकांनी ‘नैतिक दैव’ या कल्पनेची चर्चा केली, ती इथे कामी येते. दोघांनी एकच निष्काळजीपणा केला. एक सुखरूप परतला, दुसऱ्याच्या होडीखाली मूल सापडले. पहिल्याला आपण काही म्हणत नाही, दुसऱ्याला जन्मभर क्षमा करत नाही. दोघांच्या वागण्यात तसूभर फरक नव्हता. फरक लाटेने केला. आपल्याकडे प्रारब्ध हा शब्द फार जवळ असल्यामुळे या कोड्याचा काटा आपल्याला तितकासा बोचत नाही. ‘वेळ आली होती’ म्हटले की पुढचा विचार थांबतो. मला वाटते, काही झाले नाही ही गोष्ट पुण्य म्हणून खात्यावर लिहून घेण्याची आपली सवय सोडली पाहिजे. ज्या शंभर फेऱ्यांत काही झाले नाही, त्या शंभर फेऱ्यांतही ते वचन दिले गेले नव्हतेच.

बंगळुरात बसून होड्यांचा एवढा विचार कशाला, असा प्रश्न कोकणातल्या वाचकाला पडला असेल. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. हलसूरच्या तलावाकाठी मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र आहे, एवढाच काय तो इथला पाण्याशी शिस्तीचा संबंध. पण सप्टेंबर २०२२ मध्ये याच शहराच्या पूर्व भागात रस्त्यांवर होड्या चालल्या. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत जाणारी माणसे ट्रॅक्टरमध्ये उभी राहून कामाला गेली, आणि कोट्यवधींच्या बंगल्यांतून वृद्धांना रबरी होड्यांत घालून बाहेर काढावे लागले. पुराच्या पाण्यातली बचावहोडी ही दोरीची खरी परीक्षा असते. तिचा हाकणारा वाकून माणसांना वर ओढत असतो, आणि नेमकी तिच्याच भोवती माणसे पाण्यात असतात.

त्या पुराचे कारण पाहिले तर दोरीचाच विषय वेगळ्या रूपाने पुढे येतो. बंगळूरचे जुने तलाव सुटे नव्हते. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात जाई, आणि ही वाट ज्या ओढ्यांनी धरलेली असे त्यांना इथे राजकालुवे म्हणतात. सांडवा म्हणजे बांधाचा मुद्दाम ठेवलेला खालचा भाग. मध्यरात्री पाऊस कोसळत असताना, राखणदार झोपलेला असताना, कोणाच्याही आज्ञेची वाट न पाहता तो आपले काम करतो. तो बांधला जातो मात्र उन्हाळ्यात, डोके शांत असताना. दोरीही काठावर, इंजिन सुरू होण्याआधी बांधायची असते. वेग आल्यावर बांधू म्हणणाऱ्याने ती कधी बांधल्याचे ऐकिवात नाही. राजकालुव्यांवर इमारती उठल्या, काही बुजले, काही आक्रसले. सांडवा जागेवर राहिला, पण त्याच्यापुढची वाटच उरली नाही. दोरी अंगाला आहे आणि कळीत क्लिपऐवजी सुतळी गुंडाळून ठेवली आहे, तशातलीच ही गत. असे सुतळीचे ‘जुगाड’ होड्यांवरही होते. क्लिप सारखी निसटते, इंजिन उगाच बंद पडते, गिऱ्हाईक कुरकुरते. मग कोणीतरी हुशार माणूस कळ कायमची बांधून टाकतो. आपल्या देशात हुशारीचे केवढे कौतुक आहे!

इथे एक खरा आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. माणूस गेला की सगळे थांबावे, हे तत्त्व सर्वत्र लावले तर जगात काय टिकेल? संस्थापक गेला की संस्था बंद, वैद्य उठला की उपचार बंद, असे चालेल काय? रुग्णाच्या छातीत हवा भरणारे यंत्र परिचारिका खोलीबाहेर गेली म्हणून थांबणे हाच अपराध होईल. चांगल्या राज्याची कसोटी तर नेमकी उलट मानली जाते. हे बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीचे. त्यांचे पुत्र १६६६ मध्ये आग्र्यात अडकून पडले तेव्हा स्वराज्य थांबले नाही, याचाच आपल्याला अभिमान आहे.

पण स्वराज्य चालू राहिले ते आंधळेपणाने चालू राहिले नाही. निघण्यापूर्वी जिजाबाईंकडे आणि मोरोपंत पिंगळे यांच्यासारख्या कारभाऱ्यांकडे कारभार सोपवलेला होता. पाहणारे डोळे जागेवर होते, निर्णय घेणारे हात जागेवर होते. शक्ती पुढे चालली कारण तिच्याबरोबर दृष्टीही सोपवली गेली होती. बैल आणि इंजिन यांतला फरक इथे पुन्हा भेटतो. छातीत हवा भरणाऱ्या यंत्रालाही धोक्याची घंटा जोडलेली असते आणि ती ऐकायला कोणीतरी नेमलेले असते. नेमलेले नसेल तर ते यंत्रही रुग्णाच्या खाटेशी चाललेली रिकामी होडीच आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला जी मूठ दाबून धरावी लागते आणि सोडली की ब्रेक लागतो, ती याच विचारातून आली आहे. हजारो माणसे मागे बसलेली आहेत आणि पुढे पाहणारा एकच आहे, तेव्हा त्याचा हात सुटला तर गाडीने पुढे जाण्याचा हक्क गमावला.

होड्यांच्या जगाने या आक्षेपाचे उत्तर आपल्या परीने शोधलेले आहे. जाणते लोक होडीत नेहमी दुसरी दोरी ठेवायला सांगतात. कारण साधे आहे. हाकणारा दोरीसकट पाण्यात पडला की इंजिन थांबते, पण क्लिप त्याच्याबरोबर गेलेली असते. आता होडीतल्यांना इंजिन सुरू करून त्याच्याकडे जाता यावे, तर दुसरी क्लिप हवी. आधी थांबायचे, मागे वळून पाहायचे, मग कोणीतरी दुसऱ्याने, जाणीवपूर्वक, आपल्या अंगाला दोरी बांधून पुन्हा सुरू करायचे. थांबणे आणि चालू राहणे यांमधला विरोध या दुसऱ्या दोरीने सोडवला आहे, आणि तो सोडवताना दोहोंच्या मध्ये एका माणसाची नेमणूक घातली आहे. हीच दुसरी क्लिप कळीत कायमची खोचून ठेवली की तीच पळवाट होते, हेही सांगितले पाहिजे.

दोरीकडून भलती अपेक्षाही धरू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान होडी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. तिथे हाकणारा होडीतच होता; नौदलाने इंजिनातला बिघाड आणि त्यामुळे सुटलेला ताबा हे कारण सांगितले. हाकणारा असताना न ऐकणारे यंत्र ही वेगळी आपत्ती आहे. तिच्यावर विचार करायचा तर तपासलेले नसलेले बळ माणसांच्या गर्दीजवळ आणावे काय, या प्रश्नापासून आरंभ करावा लागेल. दोरी एवढ्या दूरवर पोचत नाही. ती एकाच प्रसंगासाठी आहे, आणि त्या प्रसंगी तिला पर्याय नाही.

अलीकडे बिनतारी साधने आली आहेत. हाकणाऱ्याच्या गळ्यात किंवा मनगटावर एक बिल्ला असतो. तो पाण्यात बुडाला किंवा होडीपासून दूर गेला की इंजिन थांबते. यात सोय आहे, वावरायला मोकळीक आहे, आणि दोरी पायात येते ही तक्रार मिटते. बंगळूरसारख्या शहराला तर अशी साधने घडवण्यात विशेष आनंद वाटेल. त्यांना माझा विरोध नाही. फक्त एक गोष्ट त्यांत हरवते. तांबडी दोरी सर्वांना दिसते. तलावात फेरी मारायला आलेले कुटुंब, शाळेची सहल घेऊन आलेल्या बाई, घारापुरीला जाणारे म्हातारे जोडपे, यांतल्या कोणालाही इंजिनातले काही कळत नसले तरी दोरी हाकणाऱ्याच्या अंगाला आहे की नुसतीच लोंबते आहे, हे एका नजरेत कळते. ‘दादा, दोरी बांधली का?’ असे विचारायला तंत्रज्ञान शिकावे लागत नाही. वचन ज्यांना दिलेले आहे त्यांना ते पाळले जाते आहे की नाही हे पाहता येणे, हा त्या वचनाचाच एक भाग आहे. बिल्ल्याच्या बाबतीत प्रवाशाला विश्वास ठेवावा लागतो. दोरीच्या बाबतीत तो धक्क्यावर उभा असतानाच, होडीत पाय टाकण्याआधी, स्वतः पाहू शकतो आणि पटले नाही तर मागे फिरू शकतो.